छोट्या गाडीचा मोठा खटाटोप

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाने त्या पोटात घालाव्यात आणि वाचकांनी माझ्या मराठीच्या टीचरना दोष देऊ नये. त्यांनी खूप प्रयत्न केले होते!

तर विषय असा. यंदाच्या टेक्निकल प्रदर्शनात ड्रॉइंग हॉलच्या कोपऱ्यात एक छोटं रेल्वे स्टेशन ठेवलं होतं. बाजूला उसाचा फड, एक कडुलिंब आणि ये-जा करणारी दोन डब्यांची गाडी. आठवतंय? ते आम्हा चौघींचं. दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, "ही खेळण्यातली गाडी केवढ्याला मिळते?" दुसरा नंबर, "यात इंजिनिअरिंग काय आहे?" पहिल्याचं उत्तर मी हसून टाळलं. दुसऱ्याचं उत्तर देण्यासाठी हा लेख.

खेळणं आणि मॉडेल

खेळण्यातली गाडी गोल फिरते. ती कुठून आली, कुठे चालली, हे कोणी विचारत नाही. मॉडेल रेल्वेच्या लेआउटमध्ये गाडी ही निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी म्हणजे ती ज्या गावातून जाते ते गाव, तिथली माती, झाडं, घरं, सिग्नल, उन्हाची तिरीप. बघणाऱ्याला क्षणभर वाटलं पाहिजे की आपण कुठल्या तरी खऱ्या जागी उभे आहोत.

जगात या छंदाला मोठी परंपरा आहे. लंडनमध्ये १९१० साली मॉडेल रेल्वे क्लब निघाला, तो आजही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरीत जॉन अ‍ॅलन नावाच्या गृहस्थांनी घराच्या तळघरात डोंगरदऱ्यांची अख्खी रेल्वे उभी केली. चकचकीत मॉडेलला धूळ, गंज, काजळी लावून ते वापरातलं दिसावं, ही कला लोकप्रिय करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि अवघ्या काही दिवसांत घराला आग लागून लेआउट जवळजवळ सगळा गेला. आता त्याचे फोटो तेवढे उरलेत. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये 'मिनिएचर वंडरलँड' उघडलं. ते आज जगातलं सगळ्यात मोठं मानलं जातं आणि तिथे दर पंधरा मिनिटांनी रात्र होते!

एवढं लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं झालं. मी सातवीत असताना शाळेच्या ट्रिपबरोबर गेले होते. दिवे मंद झाले, छोट्या गावातल्या खिडक्या उजळल्या आणि आमचा पन्नास मुलींचा वर्ग चक्क गप्प बसला. आमच्या सिस्टरना वर्षभरात न जमलेली गोष्ट.

आमचं स्टेशन कुठलं?

माझे आजोबा रेल्वेत गँगमन होते. मिरज-पंढरपूर या नॅरोगेज लाईनवर, म्हणजे जुन्या बार्शी लाईट रेल्वेवर. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने ही रेल्वे आखली. १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत ती सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. कॅलथ्रॉपची मूळ कल्पना साधी आहे. इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. मग हलके रूळ चालतात, पूल स्वस्तात होतात आणि डबे मात्र चांगले मोठे करता येतात.

मजा म्हणजे या रेल्वेची सुरुवातच एका प्रदर्शनाने झाली. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून कॅलथ्रॉपने १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथे चाचणीचे रूळ टाकले आणि बार्शीसाठी बनवलेले डबे-वाघिणी इंजिनिअर लोकांना प्रत्यक्ष चालवून दाखवल्या. तिथलं मॉडेल एकास एक होतं एवढाच काय तो फरक.

आता ती नॅरोगेज नाही. टप्प्याटप्प्याने सगळी लाईन ब्रॉडगेज झाली. कुर्डुवाडी-लातूर भाग २००८ पर्यंत झाला, मिरज-पंढरपूर त्यानंतर. मी तेव्हा इतकी लहान होते की ती गाडी मी पाहिलेलीच नाही. आजोबांचं स्टेशन पाडलं, त्याचा एकच फोटो घरात आहे आणि त्यातही पुढे उभ्या असलेल्या आत्याने अर्धं स्टेशन झाकलंय. म्हणून ठरवलं, करायचं तर हेच.

एकास सत्त्याऐंशी

पहिला प्रश्न स्केलचा. जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल एचओ, म्हणजे १:८७. खरी वस्तू भागिले ८७. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात, कारण युरोप-अमेरिकेतली स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटर आहे. १४३५ ला ८७ ने भागा, बरोबर साडेसोळा.

आपली ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटर. तिला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे तयार एचओ रुळांवर भारतीय गाडी ठेवली तर रूळ जवळजवळ चौदा टक्के अरुंद पडतात. गाडी लहान मुलाच्या सायकलवर बसलेल्या काकांसारखी दिसते. ही भारतीय मॉडेल करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. एक तर हाताने रूळ बनवा, नाहीतर काणाडोळा करा.

नॅरोगेजचं मात्र नशीब बघा. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६ मिलिमीटर. आणि बाजारात एन नावाच्या लहान स्केलचे रूळ मिळतात ९ मिलिमीटरचे. फरक तीन टक्क्यांहून कमी! डोळ्याला कळतसुद्धा नाही. म्हणजे एनचे रूळ आणि एनच्या इंजिनाची चेसिस घ्यायची आणि तिच्यावर १:८७ चं अंग चढवायचं. आम्ही एक सेकंडहँड एन इंजिन घेतलं आणि वरचं डिझेल इंजिनाचं खोकं कार्डशीट कापून केलं. वाफेचं इंजिन का नाही? कारण त्याचे ते बाहेरचे दांडे आणि क्रँक इतक्या लहान आकारात करणं आमच्या चौघींच्या सात जन्मांत झालं नसतं. लाईनच्या शेवटच्या काळात डिझेल होतंच, त्यामुळे खोटंही नाही.

लांबी ८७ ने भागली की बाकी सगळं पण ८७ ने भागतं असं समजू नका. इथे फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स कामाला येतं. वजन आकारमानाबरोबर जातं, म्हणून ते ८७ च्या घनाने भागायचं, म्हणजे साधारण साडेसहा लाखांनी. तीस टनांचं इंजिन झालं ४६ ग्रॅमचं. आपल्या मेसच्या एका चपातीएवढं! एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं जागेवरच घसरतात आणि रुळाशी वीज नीट जोडली जात नाही. म्हणून आत शिशाचे तुकडे भरावे लागतात. आम्ही मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या वापरल्या.

वेग मात्र ८७ नेच भागायचा. नॅरोगेज ताशी तीस किलोमीटरने जात असेल तर मॉडेलने सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकायचं. आमच्या आठ फुटांच्या लेआउटवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस सेकंद. बघायला आलेल्या मुलांना नॉब हातात दिला की ती गाडी सेकंदाला साठ सेंटिमीटरने पळवतात. हिशोब केला तर ताशी १८८ किलोमीटर. वंदे भारतला मागे टाकणारी बार्शी लाईट!

काय गाळायचं

आपल्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी बफरसकट २२.३ मीटर. १:८७ मध्ये जवळजवळ २६ सेंटिमीटर. चोवीस डब्यांची एक्सप्रेस करायची तर नुसते डबे सव्वासहा मीटर. माझ्या रूममधून निघाली तर गार्डचा डबा खिडकीत आणि इंजिन कॉरिडॉर ओलांडून समोरच्या खोलीत. ब्रॉडगेजचं १७५ मीटर त्रिज्येचं वळण, जे खऱ्या रेल्वेत फार तीव्र समजतात, ते मॉडेलमध्ये दोन मीटर त्रिज्येचं होतं. टेबलावर मावतं फार तर चाळीस-पन्नास सेंटिमीटरचं.

त्यामुळे प्रत्येक लेआउट थोडा खोटा असतो. कौशल्य आहे ते नेमकं काय आखडायचं यात. घरं, माणसं, दारं, डबे यांना हात लावायचा नाही, कारण माणसाच्या उंचीवरून डोळा लगेच चूक पकडतो. आखडायचं ते मोकळं अंतर. आमच्या स्टेशनचं यार्ड प्रमाणात केलं असतं तर साडेचार मीटर झालं असतं. आम्ही ते दोन मीटरच्या आत बसवलं, पण प्लॅटफॉर्म पूर्ण ठेवला. आजोबांनी फोनवर सांगितलं होतं, "माझी ऐंशी पावलं." पाऊण मीटरचं पाऊल धरलं तर साठ मीटर, म्हणजे ६९ सेंटिमीटर.

दुसरा प्रश्न, गाडी लेआउटच्या कडेला गेली की जाते कुठे? पडद्यामागे. दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांची लपलेली फळी असते, तिला फिडल यार्ड म्हणतात. नाटकाच्या विंगेसारखं. गाडी विंगेत जाते, थांबते, उलटी होऊन पुन्हा स्टेजवर येते. पण विंगेचं तोंड झाकायचं कशाने? परदेशी लेआउटमध्ये सर्रास बोगदा असतो. आता देशावर, सपाट माळावर बोगदा आणणार कुठून! म्हणून एका बाजूला आम्ही उसाचा फड उभा केला. तीन मीटरचा ऊस म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. खराट्याच्या बारीक काड्या आणि हिरव्या कागदाच्या पट्ट्या, एकूण सहाशे. सबमिशनच्या आठवड्यात! दुसऱ्या टोकाला मालाची शेड आणि कडुलिंब.

माती, गवत आणि डास मारायची बॅट

खाली प्लायवूडची चौकट, वर थर्माकोलचे थर, त्यावर फेव्हिकॉलमध्ये बुडवलेला कागद आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात. लेआउट दोन तुकड्यांत केला, चार बाय दोन फुटांचे. कारण हॉस्टेलच्या दारातून तेवढंच बाहेर निघतं. हे आधी मोजलं म्हणून वाचलो. दोन तुकडे दर वेळी तंतोतंत जुळावेत यासाठी दाराची पितळी बिजागरी लावली आणि तिची खीळ काढता-घालता येईल अशी ठेवली. सांध्यावरचे रूळ पितळी स्क्रूच्या डोक्यांवर सोल्डर केले, म्हणजे उचलताना हलत नाहीत.

माती खरी आहे. आजोबांनी एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर गावाकडची माती पिशवी भरून पाठवली, ती आम्ही वाळवून ओढणीतून चाळली. झाडाखालचा पालापाचोळा म्हणजे मेसमधला चहाचा चोथा, धुऊन उन्हात वाळवलेला. झुडपं घोसाळ्याच्या जाळीची. रंगाबद्दल एक गोष्ट शिकलो. खऱ्या वस्तूचा जसाच्या तसा रंग मॉडेलला दिला तर तो गडद आणि भडक वाटतो. आपण खरी वस्तू लांबून, मधल्या हवेतून बघतो, त्यामुळे ती फिकी दिसते. म्हणून प्रत्येक रंगात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळायचा, मागच्या झाडांत जास्त.

गवत उभं राहायला पाहिजे. नुसतं भुरभुरवलं तर आडवं पडतं, पिंजलेल्या नारळासारखं. इथे फिजिक्स मदतीला आलं. नायलॉनचे दोन-तीन मिलिमीटरचे तंतू लोखंडी गाळणीत घ्यायचे, गाळणीला हाय व्होल्टेजचं एक टोक आणि ओल्या फेव्हिकॉलमध्ये टोचलेल्या खिळ्याला दुसरं. तंतू विद्युतक्षेत्राच्या दिशेने उभे होऊन खाली झेपावतात आणि गोंदात ताठ रुततात. हाय व्होल्टेजसाठी डास मारायच्या बॅटमधलं सर्किट चालतं. पण हे आम्ही इलेक्ट्रिकलच्या सरांसमोर, रेझिस्टर टाकून केलं. रूमवर कोणी प्रयोग करू नये. रेक्टर मॅडमना मी तसा शब्द दिलाय.

वीज

साध्या पद्धतीत दोन रुळांत १२ व्होल्ट डीसी असतात. चाकं वीज उचलतात, मोटर फिरते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटवलं की गाडी उलटी. अडचण अशी की दोन इंजिनं एकाच रुळावर असली की दोन्ही एकदम पळतात. त्यावर डीसीसी नावाची डिजिटल पद्धत आहे. रुळांत कायम पूर्ण व्होल्टेज, पण चौकोनी लहरींच्या रूपात. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर एक, १०० मायक्रोसेकंदांची असेल तर शून्य. अशा बिटमधून "तीन नंबरचं इंजिन, सावकाश पुढे" असा निरोप जातो. प्रत्येक इंजिनातली चिप फक्त आपल्या नंबरचा निरोप ऐकते. व्हायव्हात सर एकीला प्रश्न विचारतात आणि बाकीच्या खिडकीबाहेर बघतात, तसंच.

आमचं इंजिन एकच, म्हणून साधा डीसी. फक्त पीडब्ल्यूएम वापरलं, म्हणजे पूर्ण १२ व्होल्टचे छोटे छोटे धक्के. त्यामुळे मोटर अगदी सावकाशसुद्धा न अडखळता सुटते.

निदान रूमवर तरी सुटायची.

प्रदर्शनाचा पहिला दिवस

घरी चालणं आणि प्रदर्शनात चालणं यात आभाळ-जमिनीचा फरक आहे. रूमवर गाडी दहा मिनिटं चालवायची आणि टाळ्या वाजवायच्या. प्रदर्शनात सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सतत, अनोळखी लोकांसमोर. साडेदहाला उद्घाटन झालं. पावणेअकराला प्राचार्य आमच्या टेबलापाशी आले आणि गाडी सांध्यावर थांबली. मी बोटाने ढकलली. पुन्हा थांबली. पुन्हा ढकलली. एका पालकांनी मुलाला समजावलं, "बघ, सेल संपला असेल." दुपारपर्यंत गाडी प्रत्येक फेरीला कुठे तरी थांबत होती आणि आभाळातून माझा राक्षसी हात खाली येत होता. तो हात दिसला की सगळं गाव मरतं. उरतं ते प्लास्टर आणि कागद.

रात्री मल्टीमीटर घेऊन बसलो. पुरवठ्यापाशी १२ व्होल्ट, लांबच्या टोकाला ९. आम्ही सगळ्या रुळांना मिळून एकाच जागी वायर जोडली होती आणि पुढची वीज रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या लहान जोडांवर सोडून दिली होती. प्रत्येक जोड थोडा थोडा रोध. वर प्लास्टर घासलेली धूळ रुळांवर बसलेली. वर्कशॉपचे मामा घरी निघाले होते, ते थांबले. "पोरींनो, रुळाच्या तुकड्या-तुकड्याला वायर पाहिजे," म्हणाले आणि स्वतः सोल्डरिंग गन हातात घेतली. फळीखालून दोन जाड तारा टाकल्या आणि प्रत्येक रुळाला त्यांच्यापासून वेगळी जोडणी दिली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे रूळ आणि इंजिनाची चाकं पुसली. रात्री दोन वाजता लांबच्या टोकाला ११.८ व्होल्ट. मामांनी चहा पाजला, तो चोथा पण मी ठेवून घेतला.

पहिल्या दिवसाने बाकीही शिकवलं. लेआउट जमिनीपासून चार फूट उंच पाहिजे, म्हणजे माणूस हेलिकॉप्टरमधून बघितल्यासारखा न बघता प्लॅटफॉर्मवर उभा राहिल्यासारखा बघतो. लहान मुलांसाठी खाली स्टूल. हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर दोरी. मिनिटभरात काही हललं नाही तर लोक पुढे जातात, म्हणून गाड्यांचं वेळापत्रक. आणि वरचे ट्यूबलाइट बंद करून स्वतःचा एकाच बाजूने येणारा पिवळसर प्रकाश, म्हणजे सावल्या एकाच दिशेला पडतात आणि संध्याकाळचे पाच वाजल्यासारखं वाटतं.

प्रदर्शनाचा दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गाडी थांबली नाही. एकदाही नाही. आणि दुपारी आजोबा आले. पाच तासांचा एसटीचा प्रवास करून, स्वच्छ धोतर, टोपी. मी त्यांना गर्दीतून पुढे नेलं, नॉब फिरवला आणि दोन डबे उसातून बाहेर आले.

आजोबांनी गाडीकडे बघितलंच नाही. वाकून रुळांखाली बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, ही खडी हाय का धोंडं?"

मी नदीची बारीक वाळू टाकली होती. हसू नका, हिशोब करा. वाळूचा कण साधारण एक मिलिमीटरचा. गुणिले ८७, म्हणजे पावणेनऊ सेंटिमीटर. खरी खडी चार-पाच सेंटिमीटरची असते, म्हणजे मॉडेलमध्ये अर्धा मिलिमीटर. मी इंजिनाचं वजन घनाने भागलं, वेग काढला, उसाची उंची काढली आणि ज्या गोष्टीवर माझ्या आजोबांनी तीस-बत्तीस वर्षं पहार चालवली, तिचाच आकार मोजला नाही. बघणाऱ्या शेकडो लोकांना ते कळलं नव्हतं. त्यांना एका नजरेत कळलं.

मग ते सांगत गेले आणि मी प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. इंजिन रोज एकाच जागी थांबतं, तिथली खडी तेलाने काळी पाहिजे. प्लॅटफॉर्मच्या मागून गावात जाणारी पायवाट पाहिजे, कारण गेटातून कोणीच जात नसे. कडुलिंब बरोबर आहे, पण त्याच्या खाली दगड पाहिजे बसायला. पाण्याचा माठ शेडच्या उत्तरेला, सावलीत. आणि गँगची हत्यारं ठेवायची पत्र्याची खोली कुठंय? ती मी केलीच नव्हती. फोटोत ती आत्याच्या मागे आहे.

"कुणी काढत न्हाई तिचा फोटो," आजोबा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी गाडी बघितली, दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला गाडी उसात शिरताना त्यांनी हात थोडा वर केला. गँगमन रुळाच्या कडेला उभा राहून ड्रायव्हरला सगळं ठीक असल्याची खूण करतो, तसा. सवयीने.

मग हे सगळं कशाला?

इंग्लंडमध्ये रॉय इंग्लंड नावाचे एक गृहस्थ होते. नाव इंग्लंड, पण मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ मध्ये ते तिथे आले आणि त्यांच्या लक्षात आलं की जुनी गवताच्या छपराची खेडी डोळ्यांदेखत बदलत चालली आहेत. म्हणून ते घरं मोजत सुटले, भिंती, खिडक्या, छपराचा उतार, सगळं. त्यातून मॉडेल करायला घेतली आणि १९५४ मध्ये पेंडन म्युझियमची सुरुवात झाली. ते आजही लाँग विटनहॅम या गावात आहे आणि काम अजून चालूच आहे. तिथली खेडी बघणाऱ्याला १९२०-३० च्या काळातलं गाव दिसतं, कारण कोणीतरी वेळेवर टेप लावली होती.

तर "यात इंजिनिअरिंग काय" याचं माझं उत्तर असं. स्केल, मेकॅनिक्स, रोध, पीडब्ल्यूएम, हे सगळं आहेच. पण पहिलं काम मोजण्याचं आहे आणि मोजण्याआधी विचारण्याचं. मी इंटरनेटवर चार महिने फोटो शोधत बसले. आजोबांना मी फक्त प्लॅटफॉर्मची लांबी विचारली होती.

आपल्या हॉस्टेलमध्ये कोणाचे वडील गिरणीत होते, कोणाचे आजोबा साखर कारखान्यात, कोणाचे काका एसटीच्या डेपोत. स्टाफमधल्या कितीतरी जणांनी जुनं वर्कशॉप चालताना बघितलंय. मॉडेल करायलाच पाहिजे असं नाही. पण या सुट्टीत घरी गेलात की एकदा विचारून बघा, माठ कुठे असायचा? आणि उत्तर लिहून घ्या, जर्नलची मागची पानं रिकामीच असतात.

आम्ही सगळी वाळू खरवडून काढली आहे. आता नवीन खडी, स्टोन क्रशरवरची भुकटी, दोन गाळण्यांतून चाळणं चालू आहे. हत्यारांची खोली पण करायची आहे, आजोबांनी माप दिलंय, "पहार आडवी मावायची नाही, तिरकी ठेवायला लागायची." पुढच्या प्रदर्शनाला ते परत येणार आहेत, तपासणीला. तेव्हा कोणाकडे अगदी बारीक जाळीची जुनी गाळणी असेल तर कृपया लेडीज हॉस्टेलच्या गेटवर माझ्या नावाने ठेवावी. मेसच्या सगळ्या गाळण्या मी आधीच आणल्या आहेत, हे मेसच्या मावशींना अजून माहीत नाही!